बाभुळबनातली नावं

पक्षी बघायला निघायचं म्हटलं की डोळ्यांपुढे हिमालय उभा राहतो. चीड-देवदारची उंच झाडी, धुकं आणि गळ्यात दुर्बीण. आपल्या परभणी जिल्ह्यात चीड नाही आणि देवदारही नाही. आपल्याकडे बाभळी आहेत, कडुलिंब आहेत, जिंतूरकडच्या डोंगरात पळस आणि सीताफळी आहेत. तरीही हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी गंगाखेडजवळ गोदाकाठच्या बाभुळबनातून कोसभर चालून बघा. दुर्बीण नसली तरी चालेल.

बाभळीच्या शेंड्याला चिमणीहूनही लहान, मातकट हिरवं पाखरू किडे टिपताना दिसेल. वजन जेमतेम आठ ग्रॅम. हा हिरवट वटवट्या. उन्हाळ्यात तो हिमालयात आणि त्याच्याही पलीकडे, चीड-देवदारच्या मुलखात घरटं करतो आणि थंडीत आपल्या काटेरी बाभळीत मुक्कामाला येतो. म्हणजे आपण त्या रानात गेलो नाही, तरी त्या रानातलं पाखरू आपल्याकडे येतंच.

पुढे एखाद्या काट्याला नाकतोडा टोचून ठेवलेला दिसेल. हे खाटकाचं काम. भक्ष्य काट्याला अडकवून ठेवायचं आणि सवडीनं खायचं, म्हणून त्याचं नाव खाटीक. म्हशीच्या पाठीवर काळा, दुभंगल्या शेपटीचा कोतवाल बसलेला असतो. कावळा किंवा घार घरट्याकडे फिरकली की तो तिच्या अंगावर धावून जातो. शेपूट सारखी थरथरवतो तो थिरथिरा. एकमेकांना सोडून राहत नाहीत ते सातभाई. नाव उच्चारलं की पाखराचा स्वभाव समजतो. मात्र एका नावात गंमत आहे. विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लोंबणारा तो देखणा खोपा सुगरणीचा म्हणायचा, पण विणतो नर. मादी अर्धवट खोपा तपासते आणि पसंत पडला तरच नांदायला येते!

ही नावं कुणी ठेवली? दिवसभर रानात राहणाऱ्या माणसांनी. गुराख्यांनी, मेंढपाळांनी, माळ्यावर बसून ज्वारी राखणाऱ्या बायापोरांनी. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरायचे. गुलाबी अंगाची, काळ्या डोक्याची ही पाखरं मध्य आशियातून येतात. गोफण फिरवणारा माणूस त्यांना शिव्या घालायचा, पण हीच भोरडी टोळ आणि अळ्याही खाते, हेही त्याला ठाऊक होतं. पाखराशी त्याचं भांडण होतं, म्हणून ओळखही होती.

आपल्या कृषी विद्यापीठानं रब्बी ज्वारीच्या एका वाणाला ‘परभणी मोती’ असं नाव दिलं. ज्वारी ही या मातीची ओळखच. पण शिवारात आता ज्वारीच्या जागी सोयाबीन पसरलं आहे. सोयाबीनला राखण्याला माळा लागत नाही आणि गोफणही लागत नाही. बांधावरच्या बाभळी तुटल्या. भोरडी अजून येते, पळस-पांगाऱ्याच्या फुलांवर झुंबड करते. पण तिला भोरडी म्हणणारं पोर कमी झालं. मी कविता लिहिणारा माणूस. एक शब्द गेला की मला घरातलं माणूस गेल्यासारखं वाटतं. आणि नावच माहीत नसलेलं पाखरू येईनासं झालं, तर ते कुणाच्या ध्यानात येणार?

मुंबईत जन्मलेल्या सालिम अलींची गोष्ट आठवा. लहानपणी छर्‍याच्या बंदुकीनं त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती, हे विचारायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि तिथून त्यांचं आयुष्यच पक्ष्यांचं झालं. सुरुवात झाली ती नाव विचारण्यापासून. वनखात्यात नोकरी करता करता मारुती चितमपल्लींनी आदिवासींकडून, मासेमारांकडून नावं गोळा केली आणि मराठीला ‘पक्षिकोश’ दिला. 2025 साली ते गेले. त्यांचा जन्मदिवस 5 नोव्हेंबर आणि सालिम अलींचा 12 नोव्हेंबर. म्हणून 2020 पासून महाराष्ट्रात हा आठवडा पक्षी सप्ताह म्हणून पाळतात.

आमच्या घरात दखनी बोलली जाते. डोक्यावर तुऱ्याचा पंखा उघडणारा, लांब चोचीनं माती उकरणारा पक्षी आम्हाला हुदहुद म्हणून माहीत होता. सुलेमान पैगंबरांचा हा निरोप्या, कुराणात त्याचं नाव आहे. पुढे मराठी पुस्तकात तो ‘हुदहुद्या’ म्हणून भेटला. दोन्ही भाषांनी त्याचाच आवाज ऐकून नाव ठेवलेलं! पाखराच्या आवाजाला कुठली सरहद्द?

म्हणून एक विनंती. येत्या पक्षी सप्ताहात मुलांना घेऊन शिवारात जा, आणि सोबत गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या गुराख्याला किंवा ज्वारी राखलेल्या आजीला न्या. समोर दिसेल त्या पाखराला तुमच्याकडे काय म्हणतात, एवढंच विचारा. ती सांगतील ते नाव मुलांना वहीत लिहू द्या, तारखेसकट आणि गावाच्या नावासकट. पुस्तकात सापडलं नाही तरी खोडू नका.