सुई टोचून झाल्यावर



शिवणाची सुई हातातून निसटून जमिनीवर पडली, म्हणजे घरात काय होते ते आपण सगळे जाणतो. हातातले काम थांबते. कोणी दिवा जवळ आणते. "पाय उचलू नका रे!" असे पोरांना बजावतात. सुई सापडेपर्यंत कोणी जागचे हलत नाही. एवढीशी सुई, पण ती कुणाच्या पायात जाईल याची धास्ती असते.

मग इंजेक्शनची सुई आपण कशी टाकतो? टोचून झाले, की गेली खिडकीतून बाहेर, नाहीतर केराच्या बादलीत. ती पुढे कोठे गेली, हे पाहायला दिवा कोणी आणत नाही. आज आम्ही याच सुईविषयी बोलणार आहोत.

घरच्या घरी सुई टोचून घेणारे आता पुष्कळ झाले आहेत. त्यांत मोठा भरणा मधुमेहाच्या रोग्यांचा. 'त्यांना साखर आहे' किंवा 'शुगर आहे' असे आपण म्हणतो, तोच हा रोग. यांतल्या कित्येकांना इन्शुलिन घ्यावे लागते. हे औषध कॅनडा देशातील टोरांटो शहरी १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी शोधून काढले. १९२२ च्या जानेवारीत ते पहिल्यांदा एका आजारी मुलाला टोचले. त्याआधी मधुमेह झालेली लहान मुले फार दिवस जगत नसत. गोळीसारखे गिळले, तर इन्शुलिन पोटात पचून जाते, त्याचा गुण येत नाही. म्हणून ते बहुतेक करून टोचूनच घेतात. तेव्हा ही सुई वाईट नाही, हे पहिल्याने ध्यानात ठेवा. तिच्यामुळे माणूस जगतो.

पूर्वी काचेची सिरिंज आणि पोलादी सुई असे. ती पाण्यात उकळायची आणि पुन्हा वापरायची. टाकायचा प्रश्नच नव्हता. आता प्लॅस्टिकची सिरिंज आली. ती एकदा वापरायची आणि टाकायची. हे चांगलेच झाले. पण टाकायची म्हणजे कोठे?

जरा हिशेब करून पाहू. दिवसाला २ सुया. महिन्याचे दिवस ३०. म्हणजे महिन्याला ६० सुया झाल्या. वर्षाला झाल्या ७३०. आळीत असे चार जण असले, तर वर्षाला २९२० सुया! त्या जातात कोठे?

शहरात त्या घंटागाडीत जातात. पुढे कोणीतरी तो कचरा हाताने निवडते. कागद वेगळा, बाटली वेगळी, पत्रा वेगळा. हे काम करणाऱ्यांत बायका फार. पुण्यात या कष्टकऱ्यांनी १९९३ साली आपली संघटना उभारली. तिचे नाव 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत'. त्यांचे काम काय, ते नावातच आले आहे. कागद, काच, पत्रा हुडकायला त्या पिशवीत हात घालतात. तिथे सुई असेल, हे त्यांना कसे कळावे?

खेड्यात सुई उकिरड्यावर जाते. उकिरड्याचे खत शेतात जाते. शेतात अनवाणी पाय फिरतात. बाभळीचा काटा आपण वाटेवर टाकत नाही, कुंपणाला लावतो. सुईला मात्र आपण वाटेवरच सोडतो!

आता कोणी म्हणेल, "सुई टोचली तर टोचली. थेंबभर रक्त येईल, आणखी काय?" तसे नाही, बरे का. वापरलेल्या सुईला रक्त लागलेले असते. ते डोळ्यांना दिसतही नाही. त्या रक्तातून हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही हे रोग दुसऱ्याला लागू शकतात. पहिले दोन यकृताचे, म्हणजे लिव्हरचे रोग. हिपॅटायटिस बीचे विषाणू शरीराबाहेर, सुकलेल्या रक्तातसुद्धा सात दिवस टिकू शकतात.

उगाच घाबरवायचे आमच्या मनात नाही. दर वेळी टोचल्याने रोग होतोच, असेही नाही. एचआयव्हीची बाधा असलेल्या माणसाची ताजी सुई टोचली, तरी हजारात सुमारे तिघांनाच ती बाधा होते. हिपॅटायटिस बी मात्र त्याहून फार चटकन लागतो. त्याची लस निघाली आहे. कचऱ्यात काम करणाऱ्यांनी ती जरूर टोचून घ्यावी.

दुसरे कोणी म्हणेल, "मला साखरेशिवाय दुसरा रोग नाही. माझ्या सुईने कोणाचे काय बिघडणार?" खरे असेल. पण जिच्या हातात ती सुई गेली, त्या बाईला तुमचे नाव ठाऊक नाही. सुई कोणाची, त्याला काय रोग, हे तिला कोण सांगणार? तिला दवाखाना गाठावा लागतो. त्या दिवसाची मजुरी बुडते. रक्त तपासावे लागते, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासावे लागते. तोवर तिच्या जिवाला घोर लागून राहतो. घरी लेकराला जवळ घेतानाही मनात शंका येते. आपली सुई निर्मळ असली, तरी तिचे हे हाल चुकत नाहीत.

आणखी एक गोष्ट. २००९ साली गुजरातेत मोडासा गावाच्या बाजूला हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली. पुष्कळ माणसे दगावली. वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरल्यामुळे ती पसरली, असे चौकशीत दिसून आले. तेव्हा वापरलेली सुई भलत्या हाती पडता कामा नये.

मग करावे काय? खर्चाचे काही नाही. नीट ऐका.

पहिले, डबा. जाड, टणक प्लॅस्टिकचा, फिरकीच्या झाकणाचा डबा किंवा बाटली घ्या. फिनेलची किंवा कपडे धुण्याच्या पातळ साबणाची रिकामी बाटली चालते. दुधाची पिशवी नको. पाण्याची पातळ बाटली नको, तिच्यातून सुई आरपार येते. काचेची बरणी नको, ती फुटते. डबा पोरांच्या हाताला लागणार नाही असा उंच ठेवा.

दुसरे, टोचून झाले की लगेच सुई डब्यात टाका. "मागाहून टाकू" म्हणू नका. सिरिंजची सुई वाकवू नका, मोडू नका, तिला टोपण घालत बसू नका. टोपण घालतानाच बहुधा बोटाला टोचते. सिरिंज आहे तशी, सुईचे टोक खाली करून डब्यात सोडा. इन्शुलिनचे पेन असेल, तर पेनला सुई लावून ठेवू नका. सुईचे मोठे टोपण मेजावर ठेवा. एका हाताने पेन धरून सुई त्यात घाला. मग टोपणासकट सुई फिरवून काढा आणि डब्यात टाका. बोटातले रक्त तपासायची बारीक टोचणी असते, तीही याच डब्यात.

तिसरे, डबा गच्च भरू नका. चारांत तीन भाग भरला, की पुरे. झाकण घट्ट लावा. वरून चिकटपट्टी गुंडाळा. मग तो पुन्हा उघडू नका.

चौथे, डबा कोठे द्यावा? इस्पितळांसाठी सरकारने २०१६ साली नियम केले. तिथल्या सुया पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात ठेवाव्या लागतात. पुढे त्यांची नीट विल्हेवाट लागते. म्हणून औषध आणायला जाल तेव्हा डॉक्टरांना, सरकारी दवाखान्यात किंवा आशाताईंना विचारा, "आमच्या सुयांचा डबा घ्याल का?" एके ठिकाणी नाही म्हणाले, तर दुसरीकडे विचारा. घरच्या कचऱ्यासाठीही सरकारने २०१६ साली वेगळे नियम केले. त्यांत वापरलेल्या सुया 'घरगुती घातक कचरा' म्हणून सांगितल्या. त्या ओल्या आणि सुक्या कचऱ्यात मिसळायच्या नाहीत. दवाखान्याची सोय नसेल, तर घंटागाडीवाल्याच्या हातात डबा वेगळा द्या आणि तोंडाने सांगा, "दादा, यात सुया आहेत."

डबा भंगारात मात्र घालू नका. प्लॅस्टिकला किलोने भाव येतो. कोणीतरी बाटली रिकामी करायला ती उघडणारच. सुया संडासात, गटारात, नदीत टाकू नका. चुलीत जाळू नका. प्रवासाला निघालात, तर एक लहान टणक डबी जवळ ठेवा. एसटीच्या खिडकीतून सुई फेकू नका. ती डबीत घालून घरी आणा.

आता टोचलीच एखाद्याला, तर? जखम साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी. ती दाबून पिळू नये, चोखू नये, तीत भलतेसलते औषध भरू नये. आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. एचआयव्ही होऊ नये म्हणून औषध देतात. ते जितके लवकर सुरू होईल तितके बरे. ७२ तास उलटले, म्हणजे त्याचा उपयोग होत नाही. "बघू उद्या" असे म्हणून चालत नाही.

शेवटी एक काम, खास तुमच्यासाठी. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. घरात सुई टोचून घेणारे आजोबा असतील, आई असेल, शेजारची मावशी असेल. त्यांच्या डब्याला कागद चिकटवा आणि मोठ्या अक्षरांत लिहा:

सुया आहेत. उघडू नका.

अक्षर वाकडे आले तरी चालेल, ठळक मात्र हवे. पण हा डबा उचलणाऱ्याला वाचता येईलच असे नाही. म्हणून अक्षरांशेजारी मोठा लाल ठिपका काढा. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची 'स्वच्छ' नावाची सहकारी संस्था आहे. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढा, असे तिने लोकांना सांगितले. ठिपका पाहिला, की हात जपून घालायचा, हे अक्षर न येणाऱ्यालाही कळते. आपल्या गावातही घंटागाडीवाल्याला ही खूण एकदा समजावून सांगा.

आज घरी गेल्यावर डबा शोधा, धुऊन कोरडा करा आणि त्यावर ही दोन वाक्ये लिहा. पुढच्या वर्गाला येताना आम्हाला सांगा, किती जणांनी लिहिली ते.