बागायतदाराचे वाहन : पिकअप की एसयूव्ही?



पेडणे तालुक्यातील मांद्रे गावाच्या एका अंगास समुद्र आहे, तर दुसऱ्या अंगास जांभ्या दगडाचे चढ आहेत. माडांची भाटे, काजूची लागवड, पावसाळी भातशेती आणि अलीकडे किनाऱ्यालगतचा पर्यटन व्यवसाय यांवर येथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो. अशा कुटुंबाला वाहन घ्यावयाचे झाले की पहिला विचार येतो तो पिकअपचा. नारळ, काजू बी, खताच्या गोणी, सिमेंट, चिरे, सर्व काही हौद्यात टाकता येते, हे त्याचे कारण. तथापि वृद्ध आईला म्हापशाला इस्पितळात न्यावयाचे असते, मुलांना शाळेत पोहोचवावयाचे असते, जत्रेच्या दिवशी सारे घर बाहेर पडते. तेव्हा पुढची दोन-तीन आसने पुरत नाहीत आणि माणसे हौद्यात बसतात. प्रस्तुत विषयाचे खरे गांभीर्य येथे आहे.

हौद्यात ना आसन असते, ना पट्टा. वळणावर किंवा अकस्मात ब्रेक लागल्यावर बसलेल्या माणसाला धरावयास फळीखेरीज काही नसते. मालवाहू वाहनातून अशी प्रवासी वाहतूक करणे नियमबाह्य आहेच. पण अपघातानंतरचे संकट त्याहून मोठे आहे. मोटार वाहन कायद्यात १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने मालासोबत जाणारा मालाचा मालक अथवा त्याचा प्रतिनिधी विम्याच्या कक्षेत आला. परंतु मालवाहू गाडीत फुकट बसवून नेलेल्या प्रवाशांना हे संरक्षण लागू होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ सालच्या निकालात स्पष्ट केले. म्हणजे शेजाऱ्याला उपकार म्हणून बसविले आणि दुर्दैव ओढवले, तर नुकसानभरपाईचा भार अखेर गाडीच्या मालकावर, पर्यायाने त्याच्या भाटावर आणि घरावर येऊ शकतो.

माणसे आणि माल एकाच वाहनातून नेण्याची गरज आपल्याकडे नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात नावारूपास आलेली जीप स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत जुळविली जाऊ लागली आणि महिंद्र कंपनीमार्फत ती देशभर पसरली. पुढे आसने, मागे मोकळी जागा, आणि कोणत्याही वाटेने जाण्याची तयारी, हे तिचे गुण होते. पुढे या दोन कामांच्या वाटा वेगळ्या झाल्या. १९८८ साली टाटामोबाईल ही पिकअप आली. १९९४ साली टाटा सुमो ही बंद बांध्याची प्रवासी गाडी आली. सुमोचे उत्पादन २०१९ साली थांबले. २००० साली आलेली आणि नाशिकला तयार होणारी बोलेरो मात्र ग्रामीण भागात टिकून राहिली. अशा गाड्यांना आज एसयूव्ही म्हणतात.

तथापि एसयूव्ही या नावाने विकली जाणारी प्रत्येक गाडी पिकअपची जागा घेऊ शकत नाही. आजच्या पुष्कळ एसयूव्ही मुळात मोटारकारच्याच बांध्याच्या असतात. त्यांचा सांगाडा व छप्पर एकसंध असते. शहरातील प्रवासास तो बांधा सुखावह ठरतो. ओझे आणि खाचखळगे यांसाठी मात्र शिडीच्या आकाराची स्वतंत्र पोलादी चासी असलेली गाडी अधिक योग्य. बोलेरोत अशी चासी असून मागील चाकांवर पाटे आहेत. खरेदीपूर्वी गाडीखाली वाकून चासी पाहावी. बाहेरील चकाकीपेक्षा तेथेच गाडीचे आयुष्य ठरत असते.

आता ओझ्याचा हिशेब करू जाता, सात आसनांच्या गाडीत सात माणसे म्हणजे सरासरी सत्तर किलोप्रमाणे सुमारे ४९० किलो होतात. चालक व सोबती असे दोघेच बसले, तर ३५० किलोंच्या आसपास वाव उरतो. एवढ्यात पन्नास किलोंच्या सात गोणी मावतात. चिरा साधारण तीस किलोंचा धरला, तर दहा-बारा चिऱ्यांतच मर्यादा संपते. याउलट बोलेरोच्याच जातीची पिकअप टनाहून अधिक भार वाहते. नेमका आकडा गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेतून काढावा : भारासह कमाल वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उत्तर मिळते. त्यात माणसांचेही वजन धरावयाचे असते, हे विसरू नये. जड माल आसनांच्या पाठीशी, तळाशी व घट्ट बांधून ठेवावा. टपावर चढविलेले ओझे गाडीचा तोल वर नेते आणि वळणावर ती कलंडण्याचा धोका वाढतो.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावयास हवा. गोव्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. रिकाम्या पिकअपचा मागील भाग हलका असल्याने ओल्या मातीत तिची मागील चाके जागच्या जागी फिरतात आणि खडबडीत वाटेवर गाडी उसळते. बंद बांध्याच्या गाडीचे वजन मागील चाकांवरही पडत असल्यामुळे हा त्रास तुलनेने कमी होतो. शिवाय काजू बी आणि खत भिजत नाही. मात्र मासळी वा शेणखत न्यावयाचे असेल, तर उघडा हौदाच बरा.

समुद्रकाठच्या गाडीचा मोठा शत्रू म्हणजे खारा वारा. चासीच्या सांध्यांत मीठ व चिखल साचून गंज आतून पोखरतो. गाडीचा तळ गोड्या पाण्याने वरचेवर धुवावा, पावसाळ्यापूर्वी त्यास गंजरोधक लेप द्यावा, दारांखालील पाणी निघून जाण्याची भोके मोकळी ठेवावीत. पुळणीवर गाडी नेण्यास गोव्यात मनाई आहे. मोरजी-मांद्रेच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालतात, हे त्या मनाईचे मोल सांगण्यास पुरेसे आहे. तसेच जिचे सुटे भाग म्हापशाला मिळतात आणि जिचे काम गावच्या मेस्त्रीला ठाऊक आहे, तीच गाडी खऱ्या अर्थाने टिकाऊ समजावी.

कायद्याच्या दृष्टीनेही फरक आहे. मालवाहू गाडीस योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी घ्यावे लागते. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे चालते व पुढे दर पाच वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. परंतु खासगी गाडी भाड्याने चालविता येत नाही. मोपा येथील विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून पाहुण्यांची ने-आण हा तालुक्यात नवा व्यवसाय झाला आहे. त्यासाठी रीतसर परवान्याचीच गाडी हवी. शेजाऱ्याचा माल पैसे घेऊन वाहिल्यासही विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

मग निवड कशी करावी? त्यासाठी एक साधी वही पुरेशी आहे. तीन महिने रोज किती माणसे नेली, किती किलो माल नेला आणि किती अंतर गेलो, हे लिहून ठेवावे. नारळाचा पाडा किंवा काजूचा हंगाम त्यात आला नसेल, तर त्याचा अंदाज वेगळा मांडावा. बहुतेक दिवशी माणसे अधिक आणि माल तीन-चार गोणींपुरता असेल, तर मजबूत चासीची एसयूव्ही घ्यावी आणि जड मालाच्या मोजक्या दिवशी पिकअप भाड्याने आणावी. त्या भाड्याची वर्षाची बेरीज दुसऱ्या गाडीच्या कर्जाच्या हप्त्यांशी ताडून पाहावी. आठवड्यातून अनेकदा पाचशे किलोंहून अधिक माल न्यावा लागत असेल, तर पिकअपला पर्याय नाही, हे मान्य करावे. या दोहोंच्या मध्ये, दोन रांगा आसने आणि मागे आखूड हौदा असलेली पिकअपही मिळते. पाच माणसांच्या कुटुंबाने तिचाही विचार करावा.

निवड कोणतीही होवो, माल हौद्यात आणि माणूस आसनावर, हा नियम घरोघर पाळला जावा. वाहन दहा-पंधरा वर्षे टिकावे, ही अपेक्षा रास्त आहे. त्यातून गेलेले प्रत्येक माणूस सुखरूप घरी परतावे, ही त्याहून मोठी.