मेन स्विचला हात लावण्यापूर्वी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा त्यांना बहुधा पाककृती किंवा आरोग्य असा एखादा विषय अपेक्षित असावा. मी ‘विजेच्या गाड्यांची चार्जिंगची जागा बसवताना घ्यावयाची काळजी’ असे सांगताच त्या हसल्या. “हा पुरुषांचा विषय नाही का?” असे त्यांनी विचारले. तो आपलाही विषय कसा आहे, हे सांगण्यासाठीच मी उभी आहे. माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांपुढे कबूल करावी, हाही त्यात हेतू आहे.

आपल्या गावाला मोटारींची हौस जुनी. 2010 साली येथील मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज मोटारी घेतल्या, तेव्हा देशभर आपले नाव झाले. पुढे 2022 साली, गावाचे नाव औरंगाबाद असताना, येथील उद्योजकांनी ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या नावाने एकत्र येऊन विजेच्या मोटारी एकगठ्ठा घेतल्या. 2024 साली बिडकीनच्या औद्योगिक वसाहतीत विजेच्या स्कूटरी करण्याचा कारखाना येणार असल्याचे जाहीर झाले. गाड्या आल्या म्हणजे त्यांना वीज पाजण्याची सोयही आलीच. ती आता दुकानांपुढे, दवाखान्यांत आणि आपल्या इमारतींच्या पार्किंगमध्ये होत आहे. म्हणजे जेथे आपण भाजीची पिशवी घेऊन जातो, जेथे आपली मुले सायकल खेळतात, नेमक्या त्याच ठिकाणी.

आता घडलेले सांगते. गेल्या वर्षी संक्रांतीचे हळदीकुंकू आमच्या इमारतीच्या सभागृहात होते. त्याच दिवशी खाली पार्किंगमध्ये चार्जिंगची पेटी बसवण्याचे काम चालू होते. वर बायका जमू लागल्या. ध्वनिक्षेपक मुका, पंखे बंद आणि नळाला पाणी नाही, कारण पंपही बंद. वाणाची ताटे मांडून ठेवलेली. मी तडक जिन्याखालच्या मीटरच्या खोलीत गेले. सार्वजनिक लाइनचा मेन स्विच खाली पडलेला दिसला. ‘पडला असेल’ असे समजून मी तो वर केला.

त्याच क्षणी पार्किंगमधून फट्‌ असा आवाज आला आणि पाठोपाठ किंकाळी. वायरमनच्या हाताखालचा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा लाकडी स्टुलावर उभा राहून पेटीतील तारा आवळीत होता. त्याच्या स्क्रूड्रायव्हरने दोन तारा जोडल्या गेल्या आणि ठिणगीने त्याचा तळवा व मनगट भाजले. परमेश्वराची कृपा म्हणून जीव वाचला. दोन दिवस तो इस्पितळात होता. त्या दिवशी हळदीकुंकू झाले नाही. तिळगूळ तसाच डब्यात राहिला.

महिन्याभराने तो कामावर परत आला. मी त्याच्यापुढे जाऊन माफी मागितली. तो खाली पाहत म्हणाला, “काकू, तुम्हाला काय ठाऊक? तिथे पाटीच नव्हती.” त्याने मला मोकळे केले, पण माझे मन मला मोकळे करीना. पाटी का नव्हती? मुकादम घाईत होता म्हणून. तो घाईत का होता? ‘संक्रांतीच्या आत काम पुरे करा’ असा आमच्या समितीनेच त्याच्यामागे तगादा लावला होता म्हणून. आणि त्या समितीत मीही होते. तेव्हा तो स्विच वर करणारा हात एकटा त्या दुपारचा नव्हता, हे मला कळले.

त्यानंतर मी जाणत्या माणसांना विचारून बरेच शिकले. विजेच्या कामात एक साधी पद्धत आहे. ज्याला तारांना हात लावायचा आहे, त्याने स्विच बंद करून त्याला स्वतःचे कुलूप घालावयाचे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावयाची, आणि ‘माणूस काम करीत आहे’ अशी पाटी नाव व फोन नंबरासह लटकवावयाची. मग तारेत वीज नाही ना, हे टेस्टरने किंवा मीटरने पाहूनच हात घालावयाचा. मोठ्या, जलद चार्जिंगच्या यंत्रात तर वीज तोडल्यावरही काही वेळ आत साठलेली असते. यंत्रावर लिहिलेला तेवढा वेळ थांबावेच लागते. कुलपाची किंमत ती काय? आपण साखरेच्या डब्यालाही कुलूप घालतो!

काहींना वाटते की, घरात धक्का लागताच वीज तोडणारे यंत्र असते, ते आहेच की. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांनी चार्जिंगच्या जागी असे यंत्र बंधनकारक केले आहे. 30 मिलिअँपिअरपर्यंत वीज गळताच ते लाइन तोडते. पण भगिनींनो, ते गाडी लावणाऱ्यासाठी असते. पेटी बसवणारा माणूस बहुधा त्या यंत्राच्या अलीकडेच काम करीत असतो, आणि दोन तारांच्या मध्ये ठिणगी उडाली तर त्या यंत्राला ते कळतही नाही. म्हणजे बसवणाऱ्याचे रक्षण त्याच्या खिशातील किल्लीच करते.

दुसरी गोष्ट खोदकामाची. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने बांधलेली नहर जमिनीखालून या शहरात पाणी आणीत असे, हे आपण शाळेत शिकलो. आता त्याच जमिनीत नळ आहेत, वीजवाहिन्या आहेत, टेलिफोनच्या तारा आहेत. म्हणून महावितरण आणि महानगरपालिका यांच्याकडे चौकशी केल्यावाचून पहार घालू नये. आणि शंका असेल तेथे आधी हाताने जपून खड्डा घेऊन पाहावा. खणलेल्या चरावर भक्कम फळी, भोवती कठडा आणि रात्री लाल दिवा हवा. पायी जाणाऱ्यांना वेगळी वाट ठेवावी आणि गाड्या मागे घेताना एक माणूस उभा करावा. बाजाराची गर्दी आणि शाळा सुटण्याची वेळ टाळावी. पाऊस आला तर काम थांबवावे. आणि आपल्या मराठवाड्याच्या वैशाखात दुपारी उन्हातले काम बंद ठेवून सकाळ-संध्याकाळ करून घ्यावे; घामाने भिजलेल्या अंगाला विजेचा धक्का अधिक जोराने बसतो.

काम परवानाधारक ठेकेदारालाच द्यावे. शेजारच्या ‘सगळे जमते’ म्हणणाऱ्या माणसाला नव्हे. गीझर वीस मिनिटे चालतो. मोटार मात्र त्याच जाडीच्या तारेतून सहा-आठ तास वीज ओढते. सांधा सैल असेल तर तो तापत जातो. म्हणून स्वतंत्र लाइन आणि पक्के अर्थिंग हवे. नियमाप्रमाणे सॉकेट जमिनीपासून निदान 800 मिलिमीटर उंच असावा, आणि वाढीव वायर लावून गाडी चार्ज करू नये. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर सोडणाऱ्या बंधूंना हे आपणच सांगावे.

आणि एवढे करूनही कोणास धक्का बसलाच, तर त्याला धरावयास धावू नये. आधी वीज तोडावी. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर करावे. 108 वर फोन करावा. श्वास थांबला असेल तर मदत येईपर्यंत छातीच्या मध्यावर जोराने दाब देत राहावे. हे शिकण्याचा एक वर्ग मंडळाने भरवावा, अशी माझी सूचना आहे.

आमच्या इमारतीत दुसरी पेटी यंदा बसली. त्या दिवशीचा कार्यक्रम आम्ही पुढे ढकलला, पाणी आदल्या दिवशी भरून ठेवले, आणि मुलांना पार्किंगमध्ये येऊ दिले नाही. पाटी मंडळाच्या मुलींनी रंगवली. तोच मुलगा कामावर होता. स्विचला कुलूप घातल्यावर त्याने किल्ली मला दाखवली आणि खिशात टाकली. काम संपेपर्यंत मी त्या खोलीकडे फिरकले नाही. फक्त मध्ये एकदा त्याच्यासाठी चहा पाठवला.

पुढच्या वेळी ऐन कार्यक्रमात दिवे गेले आणि मेन स्विच खाली दिसला, तर आधी हाक मारा, “कोणी काम करीत आहे का?” उत्तर येईपर्यंत थांबा. आपला कार्यक्रम थोडा उशिरा सुरू होईल, एवढेच.