जतन आणि ज्ञानदान



भारतात हजाराहून अधिक मूकपट निर्माण झाले. आज मोजकेच उरले आहेत. चांदी मिळविण्यासाठी कित्येक फिती वितळविल्या गेल्या. पुण्यात १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातील पी. के. नायर यांनी ही हानी ओळखली. दादासाहेब फाळके यांच्या ‘कालिया मर्दन’ (१९१९) या चित्रपटाच्या फिती मिळवून त्यांनी त्या जुळविल्या. मात्र केवळ कुलूपबंद संग्रहात त्यांना समाधान नव्हते. प्रा. सतीश बहादूर यांच्यासह त्यांनी रसास्वादाचे वर्ग चालविले. कर्नाटकातील हेग्गोडू या खेड्यातील ग्रामस्थांपर्यंत श्रेष्ठ चित्रपट पोहोचविले. २०१६ साली ते निवर्तले.

भिवंडीतील घराघरांत जुनी छायाचित्रे आहेत. ती रद्दीत जाण्यापूर्वी वडीलधाऱ्यांना विचारून मागे नावे लिहावीत आणि मुलांना दाखवावीत. जे दाखविले जाते, तेच टिकते.