आठ दिवस, दोन मुक्काम : वाढत्या मुलांना घेऊन इटली

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात आपल्या सभागृहात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा मे महिन्याची सहल म्हणजे महाबळेश्वर नाहीतर गणपतीपुळे. आता लिफ्टमध्ये भेटलं की विचारतात, “युरोप कधी?” गेल्या वर्षी आम्ही चौघं इटलीला जाऊन आलो. मुलगा पंधराचा, मुलगी तेराची. तेव्हापासून बऱ्याच जणांनी मला थांबवून विचारलं, “तुमचा प्लॅन पाठव ना.” सेक्रेटरी म्हणाले, प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सभागृहात सांगा. म्हणून हे बोलणं.

आधीच एक सांगते. आठ दिवसांत सगळी इटली बघून होत नाही. ज्यांना दहा दिवसांत पाच देश करायचेत त्यांनी खुशाल करावेत. बस दारात येते, जेवण वेळेवर मिळतं, बॅगांची काळजी नसते. ज्येष्ठांसाठी ते सोयीचंच आहे. पण घरात तेरा ते अठरा वयाची मुलं असतील तर हिशेब बदलतो.

“मला नाही यायचं”

आमच्याकडे सुरुवात या वाक्याने झाली. मुलगा म्हणाला, “तुम्ही जा, मी आजीकडे राहतो.” इतके पैसे घालायचे, गाडी बदलायचा बेत दोन वर्षं पुढे ढकलायचा आणि साहेब म्हणतात आजीकडे राहतो! राग येणं साहजिक आहे. पण त्याच्याशी शांतपणे बोलल्यावर कळलं की त्याचा राग इटलीवर नव्हताच. सकाळी सहाला उठा, आमच्या मागे मागे चाला, प्रत्येक दगडासमोर उभं राहून फोटो काढा, याला तो कंटाळला होता.

मग आम्ही घरात रीतसर सभा घेतली, आपल्या एजीएमसारखी. फरक एवढाच की कोरम पूर्ण होता आणि पार्किंगवरून भांडण झालं नाही. नियम ठरला : प्रत्येकाने एक गोष्ट मागायची, ती बाकीच्यांनी मान्य करायचीच. आणि प्रत्येकाला एक गोष्ट नाकारायचा हक्क. मुलाने मागितलं पॉम्पेई. मुलीने मागितली रोज एक मोकळी दुपार, आईबाबांशिवाय फिरायला. नवऱ्याने मागितलं व्हॅटिकन. मी मागितलं फ्लोरेन्स. या चार मागण्या नकाशावर मांडल्या आणि प्लॅन जवळजवळ तयार झाला.

त्यात व्हेनिस बसलं नाही. नातेवाईक अजून विचारतात, “इटलीला जाऊन व्हेनिस नाही पाहिलं?” नाही पाहिलं. फ्लोरेन्सहून व्हेनिसला वेगवान गाडीने सव्वादोन तास लागतात, म्हणजे लांब नाही. पण तिथे मोटारी नाहीत, पुलांना पायऱ्या आहेत आणि बॅगा आपल्याच हातात. एका रात्रीसाठी बॅगा भरा, चढवा, उतरवा, पुन्हा भरा, यात दीड दिवस जातो. आठातला दीड दिवस म्हणजे फार झाला. व्हेनिस हवंच असेल तर पॉम्पेई सोडा. दोन्ही धराल तर मुलं गाडीत झोपून इटली बघतील.

आमचा आराखडा

चार रात्री रोम, तीन रात्री फ्लोरेन्स. रविवारी पोचायचं, पुढच्या रविवारी निघायचं. रविवारच का? कारण व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. आणि फ्लोरेन्सची उफीझी व अकादेमिया ही दोन मोठी संग्रहालयं सोमवारी बंद असतात. रविवारी पोचलात की दोन्ही वार आपोआप चुकतात.

रविवार : फक्त पायी फेरी. पँथिऑन बघा. त्याचा घुमट सुमारे 43 मीटर रुंद आहे, दोन हजार वर्षांच्या आसपास जुना, आणि आत लोखंडी सळई नाही. आपल्याकडे टेरेसच्या वॉटरप्रूफिंगवर दर दोन वर्षांनी सभा होते, तेव्हा हा घुमट मला हमखास आठवतो. त्यालाही वर मधोमध भोक आहे आणि पाऊस आत येतो, पण ते मुद्दाम ठेवलेलं आहे.

सोमवार : कलोसियम आणि शेजारचं फोरम. तिकिटावर नाव असतं, म्हणून पासपोर्ट जवळ हवा.

मंगळवार : सकाळी व्हॅटिकन. सिस्टीन चॅपेलचं छत मायकेलअँजेलोने 1508 ते 1512 या काळात रंगवलं. तिथे फोटो काढायला बंदी आहे. माझ्या मते आख्ख्या सहलीत चौघांनी एकदम मान वर करून एकच गोष्ट बघितली ती इथे. सेंट पीटर चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात, मुलामुलींना आधी सांगून ठेवा.

बुधवार : पॉम्पेई. रोमहून नेपल्स वेगवान गाडीने सुमारे सव्वा तास, तिथून लोकल गाडीने पाऊण तासाच्या आत. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलेलं हे गाव. मुलांना इथे पाटी वाचून दाखवावी लागत नाही. रस्त्यात बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या चाकोऱ्या दिसतात, पाय न भिजवता रस्ता ओलांडायला मांडलेले मोठे दगड दिसतात. नाक्यानाक्यावर खाण्याची दुकानं आहेत, दगडी ओट्यात बसवलेली मडकी, त्यातून गरम पदार्थ वाढायचे. मुलगा म्हणाला, “म्हणजे वडापावची गाडीच.” सहलीतलं त्याचं हे पहिलं आपणहून बोललेलं वाक्य. परतताना नेपल्सला पिझ्झा खाल्ला. तिथल्या पिझ्झा करण्याच्या कलेला 2017 मध्ये युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली आहे.

गुरुवार : दीड तासात फ्लोरेन्स. संध्याकाळी पियात्साले मायकेलअँजेलो या टेकडीवरून गाव बघायचं, बस.

शुक्रवार : उफीझी किंवा डेव्हिड, दोन्हीतलं एकच. डेव्हिडचा पुतळा पाच मीटरहून उंच आहे, अर्ध्या तासात मन भरून बघता येतो. दुपारी गॅलिलिओ संग्रहालय. तिथे गॅलिलिओच्या दुर्बिणी आहेत आणि काचेच्या भांड्यात त्याचं खरंखुरं बोट! विज्ञानाच्या पुस्तकातला माणूस असा भेटला की मुलं थबकतात.

शनिवार : ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर 463 पायऱ्या, लिफ्ट नाही. मुलं गेली, आम्ही खाली बसलो. आणि संध्याकाळी एक गोष्ट केली जी आम्हाला एकाही सहलीच्या पत्रकात दिसली नव्हती. फ्लोरेन्सला कॅशिने नावाचं नदीकाठचं लांबलचक उद्यान आहे. त्याच्या पश्चिम टोकाला एक छत्री आहे, आपल्याकडच्या समाधीवर असते तशी. कोल्हापूरचे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना 1870 च्या नोव्हेंबरमध्ये फ्लोरेन्सला वारले. वय अवघं वीस. दोन नद्या मिळतात तिथे त्यांचे अंत्यसंस्कार झाले आणि 1874 मध्ये हे स्मारक उभं राहिलं. शेजारच्या मोठ्या पुलाचं नावही त्यावरूनच पडलंय, ‘भारतीयाचा पूल’. मुलगी बराच वेळ तिथे उभी होती. म्हणाली, “दादापेक्षा फक्त पाच वर्षांनी मोठा.” आम्ही काही बोललो नाही.

रविवारी गाडीने रोम आणि परतीचं विमान.

दिवस कसा आखायचा

एक मोठं, एक छोटं, एक मोकळं, एवढंच. मोठं म्हणजे कलोसियम. छोटं म्हणजे एखादा चौक किंवा चर्च. मोकळं म्हणजे खरोखर मोकळं. मुलं दोघं मिळून दीड तास फिरणार, ठरलेल्या कारंज्यापाशी ठरलेल्या वेळी येणार. फोन चार्ज केलेला, हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून खिशात, आणि 112 हा आपत्कालीन क्रमांक पाठ. पाकीटमारी होते, विशेषतः रोमच्या मेट्रोत आणि स्टेशनवर, म्हणून बॅग पुढे घ्यायची आणि पासपोर्ट आईकडे. रोज सकाळी लवकर उठायचं नाही. आठात फक्त दोनच दिवस लवकरचे, बाकी दहाला बाहेर.

कामंही वाटून द्या. आमच्याकडे रेल्वे आणि नकाशा मुलाकडे, रोजच्या खर्चाचं पाकीट मुलीकडे. तिने तिसऱ्या दिवशी आम्हाला सुनावलं की बसून कॉफी घेतली तर जास्त पैसे लागतात, काउंटरवर उभं राहून घ्या. आणि पाण्याच्या बाटल्या विकत घेणं तिने बंदच केलं. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात. त्यांना ‘नासोने’ म्हणतात, म्हणजे मोठं नाक!

कागदपत्रं आणि पैसे

आता ज्येष्ठ मंडळी वही काढतील तो भाग. बारा वर्षं पूर्ण झाली की मूल विमान कंपनीच्या लेखी मोठं होतं, तिकीट पूर्ण. व्हिसाची फी पण मोठ्यांचीच, माणशी 90 युरो, म्हणजे चौघांचे 360, शिवाय अर्ज केंद्राचा आकार वेगळा. बोटांचे ठसेही द्यावे लागतात, म्हणून मुलांना बरोबर न्यावंच लागतं, शाळेच्या परीक्षेचा दिवस टाळा. पण गंमत बघा, संग्रहालयांच्या लेखी तेच मूल लहान असतं. इटलीच्या सरकारी संग्रहालयांत आणि कलोसियम, पॉम्पेईसारख्या ठिकाणी 18 वर्षांखालच्यांना प्रवेश मोफत, देश कुठलाही असो. व्हॅटिकन हा वेगळा देश, तिथे मुलांना सवलत मिळते, फुकट नाही. मोफत असलं तरी जिथे वेळ आरक्षित करावी लागते तिथे मुलांच्या नावानेही करावी लागते, हे विसरू नका.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. पंधरा दिवसांवर कुणी राहू नये, निर्णयाला 45 दिवसही लागू शकतात. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा हवा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी चालू हवा. इथेच मुलांच्या बाबतीत अडतं. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा किंवा अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत, जे आधी होईल ते. तेव्हा तिकीट काढण्याआधी कपाटातून पासपोर्ट काढून तारीख बघा.

राहायला हॉटेलपेक्षा स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. चौघांना एका खोलीत ठेवणारी हॉटेलं कमी असतात, आणि तीन दिवसांनी वरण-भाताची आठवण येतेच. डाळ, तांदूळ, मसाला न्या, पण तूप, पेढे, बर्फी नको. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून युरोपात नेता येत नाहीत. शाकाहारी मंडळींनी दोन शब्द पाठ करावेत : ‘सेन्त्सा कार्ने’, म्हणजे मांसाशिवाय, आणि ‘सेन्त्सा पेशे’, म्हणजे माशाशिवाय. भाजीच्या सूपमध्येही मांसाचं पाणी असू शकतं, त्याला ‘ब्रोदो’ म्हणतात, ते विचारून घ्या. परमेसान चीजमध्ये प्राणिज रेनेट असतं, कडक शाकाहारी असाल तर तेही लक्षात ठेवा. रात्रीचं जेवण साडेसातच्या आधी मिळणं अवघड, आणि मुलांना पाचला भूक लागते. तेव्हा वजनावर विकला जाणारा पिझ्झा कामाला येतो. कात्रीने कापतात, तराजूत तोलतात, कागदात गुंडाळून देतात.

जायचं केव्हा? शाळेच्या सुट्ट्या बघता मे महिना उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे ऊन सोसवत नाही. फक्त 1 मे आणि 2 जूनला त्यांची राष्ट्रीय सुट्टी असते, ते दिवस मोठ्या ठिकाणांसाठी ठेवू नका. रेल्वेचा संपही अधूनमधून असतो, पण त्याची तारीख आधी जाहीर होते. आमच्याकडे ती बघायचं काम अर्थातच मुलाकडे होतं.

इतकं सगळं कशासाठी

शेवटी एकच. माझा मुलगा आता अकरावीत जाईल. मग बारावी, प्रवेश परीक्षा, बाहेरगावचं कॉलेज, हॉस्टेल. आपल्याच बिल्डिंगमध्ये बघा, गेल्या पाच वर्षांत किती घरांत दोनच माणसं उरली. चौघांनी एका टेबलाशी बसून सलग आठ दिवस जेवायची संधी यापुढे किती वेळा येईल, मला माहीत नाही. इटली त्यासाठी निमित्त आहे. तेवढे पैसे नसतील तर हंपीला जा, तिथेही हाच नियम चालतो. मुलांना विचारून ठरवा, दोनच मुक्काम करा, दुपार मोकळी ठेवा.

आणि मागच्या रांगेतल्या मुलांनो, आज घरी गेल्यावर सभा तुम्हीच बोलवा. मागणी मात्र एकच करायची. माझा प्लॅन हवा असेल तर माझ्या मुलीकडे मागा, हिशेबाची वही अजून तिच्याकडेच आहे.