घरातला ताण आणि फोनवरची मदत
(विहाराच्या वर्धापन दिनी केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही, प्राध्यापक नाही. शाळा नववीत सुटली. त्यानंतर जे शिकलो ते वाचनालयात, युनियनच्या सभेत आणि सुतगिरणीच्या रिंग खात्यात. तेव्हा मनाच्या विषयावर हा काय बोलणार, असे कुणाला वाटेल. पण मी मोठ्या आजारावर बोलणार नाही. आपल्या घरात रोज जो ताण आहे, त्याबद्दल बोलणार आहे.

बारामतीच्या एमआयडीसीत तीन पाळ्या चालतात. बरेचसे काम कंत्राटावर. इकडे इंदापूर तालुक्यात साखर कारखान्याचा हंगाम संपला, की हंगामी माणूस घरी बसतो. गटाचा हप्ता मात्र हंगाम बघत नाही. पोराच्या क्लासची फी, म्हाताऱ्या आईचे औषध, लग्नाचे कर्ज, हे सगळे त्याच दोन खोल्यांत. आम्ही मागणीपत्रात पगार लिहिला, बोनस लिहिला, प्रॉव्हिडंट फंड लिहिला. 'झोप लागत नाही' हे कधी लिहिले नाही. आणि कुणी बोललाच, तर आपणच त्याला म्हणतो, "याला येरवड्याला पाठवा." हसतो आणि विषय संपवतो.

दोन वर्षांपूर्वीची माझ्या घरची गोष्ट सांगतो. मुलाला विचारूनच सांगतोय. गिरणीत तेव्हा कामाची ओढ होती, हजेरी आठवड्यातून तीन दिवस. मुलगा बारावीला. त्याच्या क्लाससाठी पतसंस्थेचे कर्ज काढलेले. रात्रपाळी करून सकाळी घरी यावं, तर हा मोबाईल घेऊन बसलेला दिसायचा. एक दिवस मी त्याच्या पुढचं ताट भिरकावलं आणि हात उचलला. त्या दिवसापासून पोरगं माझ्याशी बोलेना. बायकोला झोप लागेना, छातीत धडधडतंय म्हणायची. कार्डिओग्राम काढला, तो चांगला निघाला. सभेत अन्यायाविरुद्ध बोलणारा मी माणूस, आणि माझ्याच घरात दोन माणसं मला भीत होती. हे कळायला मला उशीर झाला.

पुतणीने एका चिठ्ठीवर नंबर लिहून दिला, १४४१६. महिनाभर ती चिठ्ठी खिशातच. घरातून फोन करणे शक्य नव्हते, सगळेच ऐकणार. शेवटी पाळी सुटल्यावर सायकल स्टँडच्या मागे उभं राहून लावला. मराठी भाषा निवडली. पलीकडे एक बाई होत्या. मी मुलाच्या तक्रारी सुरू केल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "काका, अभ्यास सोडून मुलाशी शेवटचं काय बोललात?" मला राग आला. फोन ठेवून दिला. पण रात्रभर साच्यावर तोच प्रश्न डोक्यात, आणि उत्तर सापडेना. चार दिवसांनी पुन्हा फोन लावला.

चमत्कार काही झाला नाही. दोन-तीन साध्या गोष्टी ठरल्या. पाळीवरून आल्यावर पहिला अर्धा तास कुणाला प्रश्न विचारायचा नाही. झोप झाल्याशिवाय पैशाचा आणि निकालाचा विषय काढायचा नाही. आणि झालेली चूक मुलापुढे कबूल करायची. बापाने पोराची माफी मागायची, हे आमच्या घराण्यात कधी घडले नव्हते. जड गेलं, पण मागितली. बायकोने स्वतः वेगळा फोन केला. तिला डॉक्टरला दाखवायला सांगितले, तिने दाखवले. मुलगा आज बोलतो. कमी बोलतो, पण बोलतो.

ही सेवा म्हणजे 'टेलि-मानस'. केंद्र सरकारने ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू केली. बेंगळुरूची निम्हान्स ही संस्था तिचे मुख्य केंद्र. फोन फुकट आहे, चोवीस तास आहे. आधी प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. गरज पडली तर पुढे तज्ज्ञाकडे जोडून देतो किंवा सरकारी दवाखान्याचा रस्ता सांगतो. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवाही २०१२ पासून आहे. आता व्हिडिओवरूनही डॉक्टर तपासतात. इंदापूरहून पुण्याला जायचे म्हणजे एक खाडा आणि एस.टी.चे भाडे, ते वाचते.

कुणी म्हणेल, हे मोबाईलचे नवे फॅड आहे. तसे नाही. लंडनमध्ये चॅड वराह नावाच्या धर्मगुरूने १९५३ साली, जीव द्यायला निघालेल्या माणसांसाठी टेलिफोन ठेवला होता. आणि हे दानही नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार मिळणे हा आपला हक्क आहे, आणि आपली माहिती गुप्त राहणे हाही हक्क आहे.

पण फोनने सगळे होत नाही, हेही सांगितले पाहिजे. कुणी विषारी औषध घेतले, तर बोलत बसू नका, १०८ ला फोन करून दवाखाना गाठा. बाईला मारहाण होत असेल तर १८१, लेकरावर अत्याचार असेल तर १०९८. दारूचा प्रश्न असेल तर पुण्यात १९८६ पासून 'मुक्तांगण' आहे, तिथे घरच्यांनाही बोलावून घेतात. पैसे घेऊन ऑनलाईन सल्ला देणारे आता पुष्कळ आहेत. त्यांना शिक्षण आणि नोंदणी विचारा. लाजू नका. आपण बियाणे घेतानासुद्धा पिशवीवरचा शिक्का बघतो.

आणखी एक. फोनवर मन हलके होईल, पगार वाढणार नाही. माणसाला कामावरून कमी करायचे आणि वर 'ताण घेऊ नका' असे सांगायचे, हे आपण चालू देणार नाही. त्यासाठी संघटनाच लागेल. पण मागण्या मान्य होईपर्यंत घरातल्या लेकराने मार खात राहायचे का? बायकोने रात्र रात्र जागायचे का? दोन्ही लढाया बरोबरच लढाव्या लागतील.

शेवटी विहार समितीला एक विनंती. मला सायकल स्टँडचा आडोसा मिळाला. आमच्या सुनांनी, लेकींनी कुठे जायचे? बऱ्याच घरात फोन नवऱ्याच्या हातात आणि सासू शेजारच्या खोलीत. आपल्या वाचनालयाची खोली संध्याकाळी रिकामी असते. आठवड्यातून दोन दिवस, दोन तास ती उघडी ठेवावी. एक खुर्ची, आतून लागणारी कडी आणि समितीचा एक साधा मोबाईल. नाव विचारायचे नाही, वहीत नोंद करायची नाही. बाहेर कोण उभे राहील, तर पहिले सहा महिने मी उभा राहतो. आणि फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, १४४१६.

 घरी गेल्यावर पोराला आज काय खाल्लंस एवढं तरी विचारा. मार्कांचे उद्या बघू.

जयभीम!