तारेचे टोक नीट दाबा



वालावल म्हटले की कर्ली नदी आठवते. लक्ष्मीनारायणाचे देऊळ, तळे आणि माडापोफळीच्या बागा आठवतात. आज बागेला पाणी देतो तो विजेचा पंप. म्हणून आज आपण पंपाच्या तारेच्या टोकाविषयी बोलू. विषय लहान आहे. पण त्यापायी मोटर जळते, कधी घरही पेटते.

तारेच्या टोकाला धातूची लहान नळी बसवतात. तिला लग म्हणतात. लग सैल राहिली की ती जागा तापते. तारेवरचे आवरण वितळते. आपली हवा खारी आणि दमट. सैल लगमध्ये ओल शिरते, तांबे हिरवे पडते. मग ती आणखीच तापते.

आम्हीही एकदा चुकलो. घाई होती. साध्या पकडीने लग चेपली. वरून चपटी दिसली, आत तार सैलच! पुढे स्टार्टरमधून जळका वास आला. वेळीच स्विच बंद केला, म्हणून निभावले.

लग दाबायचा खास चिमटा मिळतो. त्यात रॅचेट, म्हणजे दाते असतात. सायकलच्या फ्रीव्हीलसारखे ते एकाच बाजूने सरकतात. मूठ दाबताना कटकट वाजते. पुरा दाब बसल्याशिवाय मूठ उघडत नाही. त्यामुळे काम अर्धवट राहत नाही.

आता काम कसे करावे?

१. मेन स्विच बंद करा. फ्यूज काढून खिशात ठेवा. टेस्टर लावून पाहा.

२. लगच्या नळीत मावेल तेवढेच आवरण सोला. तारेचा एकही केस तोडू नका.

३. तारेच्या मापाची लग घ्या. प्लास्टिकच्या लगचा रंग पाहा. लाल लग ०.५ ते १.५ चौरस मिलिमीटर तारेला, निळी १.५ ते २.५ ला, पिवळी ४ ते ६ ला. चिमट्यावरही तसेच रंग असतात. रंगाला रंग जुळवा.

४. सगळे केस आत घाला. मूठ आपोआप सुटेपर्यंत दाबा.

५. तार ओढून पाहा. निसटली तर ती लग टाकून द्या, नवी लावा.

लग बसली, की तिच्यावरचा स्क्रूही घट्ट आवळा. मीटरच्या अलीकडच्या, खांबाकडून येणाऱ्या तारेला मात्र हात लावू नका. ते काम महावितरणच्या माणसांचे. आपल्याला येत नसेल, तर वायरमनला बोलवा. पण तो तार ओढून पाहतो की नाही, ते जवळ उभे राहून बघा. तेवढे विचारायला लाजू नका. बाग आपली आहे, घरही आपलेच आहे.